बालेवाडी : मैदान जागेवर, संघ परगावी

मुंबई-बंगळूर महामार्गालगतचं म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धाही इथेच झाल्या. एवढी मोठी सरकारी वास्तू पुण्याला लाभली, पण तिला स्वतःचा असा फुटबॉल संघ टिकवता आला नाही. इंडियन सुपर लीगबरोबर २०१४ साली जन्मलेल्या एफसी पुणे सिटीचं हे घरचं मैदान. २०१७-१८ च्या हंगामात हा संघ उपांत्य फेरीत पोचला, बालेवाडीत त्याने बेंगळुरू एफसीला गोलशून्य बरोबरीत रोखलं आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीच्या तीन गोलांपुढे तो हरला. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, संघ गुंडाळला गेला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. माझ्या मते याचं मूळ खेळात नव्हतं. लीगमधली जागा मालकाची होती आणि मैदान शासनाचं. शहराच्या हाती काहीच नव्हतं.

यावर सरळ उत्तर दिलं जातं, की पुण्यात फुटबॉलला गर्दी होत नाही, स्टेडियम गावाबाहेर पडतं, तोट्यातला धंदा कोण चालवणार? अंतराची अडचण खरी आहे. पण गर्दीचं कारण पुरतं पटत नाही. याच बालेवाडीत खेळणारा पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता, तरी २०१५ मध्ये तोही बंद झाला. हैदराबादचं पाहा. तिथल्या संघाने मार्च २०२२ मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात केरळा ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटवर हरवून लीग जिंकली, आणि तरीही २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला हलली. विजेतेपदाने जे टिकलं नाही, ते चार हजार जास्त प्रेक्षकांनी टिकलं असतं असं मानणं कठीण आहे. टेनिसचीही तीच गत: चेन्नईची एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये बालेवाडीत आली आणि २०२३ नंतर इथूनही गेली. येताना आपल्याला आनंद झाला होता. चेन्नईकरांना काय वाटलं असेल, हे तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही.

कोलकात्याची गोष्ट वेगळी, असंही म्हटलं जाईल. तिथे मोहन बागान १८८९ पासून आहे. पण तिथेही २०२० मध्ये सुपर लीगमधल्या एटीके या संघाशी हातमिळवणी झाली, नावापुढे एटीके लागलं, चाहते अडून बसले आणि २०२३ मध्ये ते काढावं लागलं. सभासदत्व, नाव, रंग यांवर लोकांचा हक्क होता म्हणून हे घडलं. इंग्लंडमध्येही लंडनच्या विंबल्डनचा फुटबॉल संघ मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात नेण्याला मंजुरी मिळाली तेव्हा विंबल्डनच्या चाहत्यांनी २००२ मध्ये आपला संघ नव्याने काढला आणि २०२० मध्ये तो आपल्या मूळ भागात, प्लाऊ लेनला, परतला. पुण्याला शतकभर थांबायची गरज नाही. क्रीडासंकुल शासनाचं आहे. उद्या एखाद्या संघाला ते वापरायला देताना नाव, रंग आणि कुमार संघ शहरातच राहतील, अशी अट करारात घालता येते.