खंडशः वृक्षतोड

खंडशः वृक्षतोड म्हणजे उभे मोठे झाड बुंध्यापाशी कापून एकदम आडवे न पाडता, त्यावर चढून आधी फांद्या, मग शेंडा आणि शेवटी खोड असे तुकड्यातुकड्यांनी कापून जमिनीवर उतरवण्याची पद्धत होय. घरे, भिंती, रस्ते, विजेच्या तारा किंवा राखावयाची इतर झाडे यांमुळे झाड पडण्यास मोकळी जागा नसते, तेथे ही पद्धत अवलंबली जाते. हे काम करणाऱ्या प्रशिक्षित आरोहकास इंग्रजीभाषक देशांत 'आर्बोरिस्ट' किंवा 'ट्री सर्जन' म्हणतात.

या कामाची मूळ अडचण अशी की, आरोहक ज्या झाडाला बांधलेला असतो तेच झाड तो कापत असतो. प्रत्येक कापासरशी त्याचा आधार कमी होतो आणि सुटलेल्या प्रत्येक तुकड्याचा हिसका त्या उरलेल्या आधारालाच बसतो. त्यामुळे करवत चालवण्याच्या कसबापेक्षा, सुटलेले वजन कोठे, कसे आणि किती वेगाने जाईल हे काप घेण्याआधी ओळखणे हे अनुभवी आरोहकाचे खरे कौशल्य मानले जाते.

पूर्वतपासणी

काम जमिनीवरून सुरू होते. बुंध्याभोवती फिरून मुळांजवळची माती उचलली गेली आहे का, खोडावर अळंबीसारखी बुरशी उगवली आहे का, ढोली किंवा उभ्या चिरा आहेत का हे पाहिले जाते. लाकडी हातोडीने खोड ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून आतील पोकळीचा अंदाज येतो. भरीव लाकडाचा आवाज कोरडा व आखूड, तर पोखरलेल्या लाकडाचा ढोलकीसारखा घुमणारा असतो. दोन जाड फांद्या अरुंद कोनात फुटलेल्या असतील, तर त्यांच्या बेचक्यात साल दबून राहते आणि वरून भक्कम दिसणारा जोड प्रत्यक्षात चिकटलेलाच नसतो. अशा बेचक्यात दोर अडकवणे टाळले जाते.

झाड कोणत्या बाजूला कलले आहे यापेक्षा त्याच्या पर्णसंभाराचे वजन कोणत्या बाजूला आहे हे अधिक महत्त्वाचे असते. सरळ खोडाचे झाडही एका बाजूच्या फांद्या उतरवल्यावर विरुद्ध दिशेला ओढ घेऊ लागते. फांद्या कोणत्या क्रमाने काढायच्या हे म्हणूनच चढण्यापूर्वी ठरवतात. विजेच्या वाहत्या तारांपासून, वीजवाहिन्यांचे खास प्रशिक्षण नसलेल्या आरोहकाने किमान सुमारे ३ मीटर अंतर राखावे, असा अमेरिकेतील वृक्षकामाच्या सुरक्षा मानकाचा दंडक आहे. तारेचा दाब वाढतो तसे हे अंतरही वाढते.

आरोहण

दोर वर नेण्यासाठी साधारण ३०० ते ४५० ग्रॅम वजनाची छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून निवडलेल्या बेचक्यातून फेकतात आणि त्या दोरीने मुख्य दोर ओढून घेतात. त्यानंतर दोघे जण मिळून दोराला लोंबकळून आधार तपासतात. एका माणसाचे वजन पेलताना जी फांदी मोडू शकते, ती आरोहक जमिनीवर असतानाच मोडलेली बरी, एवढाच यामागचा विचार. दोराचे एक टोक बुंध्याला बांधून दुसऱ्यावर चढण्याची पद्धत सोयीची आहे. पण तीत वरच्या बेचक्यावर आरोहकाच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, ही गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात राहत नाही.

पोटरीला बांधावयाचे, 'स्पाइक' नावाने ओळखले जाणारे लोखंडी काटे खोडात रोवूनही चढता येते. या काट्यांनी सालीखालील जिवंत ऊतीला जखमा होतात. म्हणून केवळ छाटणी करून राखावयाच्या झाडावर ते वापरणे अयोग्य समजले जाते; जे झाड काढायचेच आहे त्यावर मात्र ते सर्रास वापरतात. यांत्रिक करवत सुरू करण्यापूर्वी आरोहक मुख्य दोराखेरीज कमरेचा आखूड दोर खोडाभोवती टाकून दुसरा स्वतंत्र आधार घेतो. करवतीच्या पात्याला दोर कापायला क्षणही लागत नाही, त्यामुळे पोलादी तारेचा गाभा असलेला आखूड दोर वापरण्याची पद्धत आहे. अर्थात तारेचा गाभाही चालत्या साखळीपुढे अभेद्य नसतो.

कापांचे प्रकार

सर्वांत साधा नियम असा की, फांदी आधी खालून थोडी कापावी आणि मग वरून. केवळ वरून कापल्यास फांदी पूर्ण सुटण्यापूर्वीच वजनाने खाली झुकते आणि तिच्याबरोबर खोडाची साल लांबवर सोलली जाते. स्पाइक रोवून तेथेच उभ्या असलेल्या आरोहकाच्या पायाखालची पकड अशा वेळी सुटू शकते.

फांदी विशिष्ट बाजूला वळवून खाली आणायची असेल, तर 'बिजागरी' ठेवतात. ज्या दिशेला फांदी जायला हवी त्या बाजूला पाचरीच्या आकाराची खाच घेतात आणि विरुद्ध बाजूने कापत येताना मधला लाकडाचा पट्टा न कापता राखतात. हा पट्टा दाराच्या बिजागरीसारखा वाकतो व तुकड्याला दिशा देतो. खोडाच्या बाबतीत खाचेची खोली व्यासाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढी आणि बिजागरीची जाडी व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी ठेवण्याचा प्रघात आहे. हे आकडे निरोगी, चिवट लाकडासाठी आहेत. वाळलेल्या किंवा कुजलेल्या लाकडात बिजागरी वाकण्याऐवजी मोडते आणि तुकडा दिशाहीन होतो.

लहान ओंडक्यांसाठी वेगळी युक्ती आहे. दोन विरुद्ध बाजूंनी, काही सेंटिमीटर वरखाली असे दोन काप एकमेकांना ओलांडून जातील इतके घेतात. तुकडा जागेवरच उभा राहतो. आरोहक करवत बंद करून कमरेला अडकवतो, नीट उभा राहतो आणि मग दोन्ही हातांनी तुकडा मोडून हव्या त्या जागी टाकतो. चालती करवत आणि पडणारे वजन हे दोन्ही एकाच वेळी सांभाळावे न लागणे, हा या कापाचा फायदा.

वजन उतरवणे

खाली टाकता न येणारे तुकडे दोराने उतरवतात. हाच या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे. खोडाच्या उरलेल्या भागाला, कापाच्या जरा खाली, एक भक्कम कप्पी बांधतात. तुकड्याला बांधलेला दोर कप्पीतून बुंध्याशी बसवलेल्या घर्षणयंत्रापर्यंत जातो. हे यंत्र म्हणजे एक धातूचा दंडगोल असून त्याभोवती दोराचे वेढे घेतात. वेढ्यांमुळे मिळणारे घर्षण बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.२५ धरल्यास एका वेढ्याने हाताचा जोर सुमारे पाचपट, दोन वेढ्यांनी सुमारे तेवीसपट आणि तीन वेढ्यांनी शंभरपटीहून अधिक होतो. म्हणजे दोन वेढे घेतले असता ३०० किलो वजनाची ओढ एका माणसाला साधारण १३ किलोच्या जोराने रोखता येते. एखादा वेढा अधिक झाला, तर तेच दोर सरकूच देत नाहीत आणि ते किती घातक ठरते हे पुढील हिशेबावरून दिसते.

ओल्या लाकडाची घनता अनेक जातींत पाण्याच्या जवळपास असते. ५० सेंटिमीटर व्यासाचा आणि १ मीटर लांबीचा ओंडका त्यामुळे सुमारे २०० किलो भरतो. कप्पी ओंडक्याच्या खाली असल्याने तो उलटून दोराला ताण येईपर्यंत त्याचा गुरुत्वमध्य सुमारे दीड मीटर खाली येतो. खालच्या माणसाने दोर घट्ट धरला आणि ओंडका ३० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर दोरावर सरासरी ओढ ओंडक्याच्या वजनाच्या सहापट, म्हणजे १,२०० किलो वजनाइतकी येते. कप्पीच्या दोन्ही बाजूंचा दोर खालीच ओढत असल्यामुळे कप्पीवर, आणि पर्यायाने आरोहक ज्याला बांधलेला आहे त्या खोडावर, हा भार त्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. तोच ओंडका दोर हळूहळू सरकू देत ३ मीटरमध्ये थांबवला, तर दोरावरची ओढ वजनाच्या दीडपटीवर येते. ओंडका तोच, दोरही तोच. फरक खालच्या माणसाच्या हाताचा आहे.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, तुकड्याची लांबी निम्मी केली तर वजनही निम्मे होते आणि पडण्याचे अंतरही घटते, त्यामुळे हिसका निम्म्याहूनही कमी होतो. घाई असताना मोठे तुकडे घेण्याचा मोह होतो, पण वाचलेल्या दोन-चार कापांच्या बदल्यात पत्करलेला धोका फार मोठा असतो. दुसरी, बुंध्याकडे येताना काम सोपे होते हा समज अपुरा आहे. उंची कमी झाल्याने आरोहकाला हायसे वाटते, पण ओंडके जाड होत जातात, दोर सरकू द्यायला खाली अंतर उरत नाही आणि आखूड झालेला दोर ताणून हिसका शोषूनही घेत नाही.

आडव्या फांद्या उतरवताना दोर कोठे बांधायचा हा प्रश्न असतो. बुडाशी बांधल्यास फांदीचा शेंडा आधी खाली झुकतो. शेंड्याकडे बांधल्यास बूड खाली येते. दोन्हीकडे बांधून फांदी आडवीच उतरवता येते. खाली काचेचे छत आहे की नुसते अंगण, यावर निवड ठरते. फास आवळण्यासाठी सरकती बोलाइन गाठ आणि तिच्या मागे एक अर्धी अढी घेण्याची रीत आहे. अढीमुळे ओंडका फासातून निसटण्याची शक्यता कमी होते. गाठीने दोराची ताकद घटते, हेही वजनाच्या अंदाजात धरावे लागते.

जमिनीवरील सहकारी आणि बचाव

घर्षणयंत्रावरील माणूस हा मदतनीस नसून कामाचा निम्मा कर्ता असतो, हे वरील हिशेबावरून स्पष्ट व्हावे. आरोहक काप पूर्ण करण्यापूर्वी इशारा देतो आणि खालून उत्तर आल्याखेरीज पुढे जात नाही. उत्तर न येणे म्हणजे परवानगी न मिळणे, असे मानले जाते. करवतीच्या आवाजात शब्द हरवतात, म्हणून ठरलेले हातवारे किंवा शिरस्त्राणातील रेडिओ वापरतात.

आरोहक वर जखमी झाला किंवा बेशुद्ध पडला, तर त्याला खाली आणू शकणारा दुसरा प्रशिक्षित आरोहक आपल्या साधनांसह जागेवर असणे आवश्यक असते. पट्ट्यात निश्चल लटकून राहिल्यास पायांत रक्त साचून जिवावर बेतू शकते. अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका अवधी नेहमी मिळत नाही.

न चढण्याचा निर्णय

काही झाडांवर चढूच नये, हा निर्णयही या कौशल्याचाच भाग आहे. ब्रिटनमध्ये २०१२ साली आढळलेल्या, बुरशीमुळे होणाऱ्या ॲश वृक्षाच्या रोगात लाकूड लवकर ठिसूळ होते. तेथील आरोहक अशा झाडांसाठी शक्यतो यांत्रिक पाळण्याचा किंवा क्रेनचा उपयोग करतात. वादळात अर्धवट उन्मळलेली, दुसऱ्या झाडावर रेललेली झाडेही याच वर्गात मोडतात. त्यांच्या वाकलेल्या खोडात एका बाजूला ताण आणि दुसऱ्या बाजूला दाब साठलेला असतो. दाबाच्या बाजूने आधी थोडे कापून मग ताणाच्या बाजूने काप पूर्ण करावा लागतो. क्रम चुकल्यास करवत अडकते किंवा खोड उभे चिरत जाऊन कापणाऱ्याच्या अंगावर उसळते.

इतिहास

इंग्लंडमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेतील ओहायो राज्यात स्थायिक झालेल्या जॉन डेव्ही यांचे 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक १९०१ साली प्रसिद्ध झाले आणि वृक्षनिगा हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून आकारास येऊ लागला. त्याच सुमारास अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील लाकूडतोड छावण्यांत ओंडके ओढणाऱ्या तारांसाठी उंच डग्लस फर वृक्षाचा खांब करीत. त्यासाठी एक आरोहक स्पाइक आणि कमरपट्ट्याच्या आधारे वर जाऊन कुऱ्हाड व हातकरवतीने शेंडा उडवत असे. शेंडा सुटताच उरलेले खोड वेगाने मागेपुढे झुले. खोड उभे चिरले, तर त्याभोवतीचा पट्टा आरोहकाला खोडावर आवळून चिरडू शके. या कामगारांना छावणीत मोठा मान होता.

दोरावर आवळणारी आणि भार काढताच सरकणारी प्रुसिक गाठ ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने १९३१ पासून ओळखली जाते. वृक्षारोहकांच्या आजच्या अनेक घर्षणगाठी त्याच तत्त्वावर चालतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये डच एल्म रोगाने दोन कोटींहून अधिक एल्म वृक्ष मेले. रस्त्यांच्या आणि घरांच्या कडेचे मृत वृक्ष उतरवण्याच्या निकडीतून तेथे या व्यवसायाचा विस्तार झाला.

महाराष्ट्र व गोव्यात

कोकण आणि गोव्यात माडावर चढण्याची परंपरा जुनी आहे. गोव्यात नारळ काढणाऱ्यास पाडेली आणि माडी काढणाऱ्यास रेंदेर म्हणतात. पायांत दोरीचे कडे अडकवून किंवा खोडावर घेतलेल्या खाचांच्या आधारे ते चढतात. घरालगतचा माड काढताना आधी नारळ, मग झावळ्या, मग शेंडा आणि शेवटी खोडाचे तुकडे असाच क्रम असतो. माडाला फांदी नसल्याने दोर अडकवायला बेचके मिळत नाही. माडाचे लाकूड बाहेरून कठीण व आतून मऊ असते, त्यामुळे इतर वृक्षांच्या बिजागरीचे अंदाज त्याला लागू पडत नाहीत.

मुंबईसारख्या शहरांत पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी महापालिका करवून घेते. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असून त्याला मुळांची व बुंध्याची कुज लागते, तर वर्षावृक्षाच्या लांबलचक आडव्या फांद्या फार जड होतात. दोन्ही झाडे आरोहकाची कसोटी पाहतात. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात आणि मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने किनारपट्टीवर असंख्य झाडे पाडली, तेव्हा ताण साठलेली खोडे कापण्याचे काम मोठ्या प्रमाणावर करावे लागले.

राज्याच्या शहरी भागात झाड तोडण्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार पूर्वपरवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष ठरवले असून, असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतक्या संख्येने नवी झाडे लावण्याची तरतूद केली आहे.