सिलिंडर घरात, सरपण चुलीत : देशाच्या ऊर्जेचे आकडे कसे मोजले जातात?

निती आयोगाने २०२१ साली शाश्वत विकास उद्दिष्टांचा जो निर्देशांक प्रसिद्ध केला, त्यातील ऊर्जेच्या रकान्यात देशातील स्वयंपाकघरांचे चित्र समाधानकारक दिसत होते. एकूण कुटुंबांच्या तुलनेत स्वयंपाकाच्या गॅसच्या जोडण्यांचे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवर पोहोचले होते. जवळपास त्याच सुमारास, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी पार पडली. घरात स्वयंपाक प्रामुख्याने कशावर होतो, हा त्या सर्वेक्षणातील एक प्रश्न होता. त्याला मिळालेल्या उत्तरांनुसार गॅस, वीज किंवा बायोगॅस यांसारखे स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे ५८.६ टक्केच भरली. ग्रामीण भागापुरते पाहिले तर हे प्रमाण ४३.२ टक्के होते.

हे दोन्ही आकडे सरकारी आहेत आणि आपापल्या परीने दोन्ही खरे आहेत. पहिला आकडा तेल कंपन्यांच्या नोंदवहीतून आला, तर दुसरा घरातील माणसांच्या उत्तरांतून. फरकाचा काही भाग एकाच घरातील दोन जोडण्या, स्थलांतर आणि विभक्त झालेली कुटुंबे यांमुळे पडतो. मात्र उरलेल्या मोठ्या भागाचे कारण अगदी साधे आहे. सिलिंडर घरात आला, पण रोजची भाकरी सरपणावरच भाजली जात राहिली.

ऊर्जाविषयक धोरण कोणत्या आकड्याच्या आधारे ठरवायचे, हा प्रश्न त्यामुळे केवळ संख्याशास्त्रज्ञांचा राहत नाही. ९२ टक्के हा आकडा प्रमाण मानला तर काम जवळपास संपले असे म्हणावे लागते. ५८.६ हा आकडा मानला तर ते जेमतेम निम्म्याच्या पुढे सरकले आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. त्यांपैकी सातवे उद्दिष्ट ऊर्जेचे आहे. परवडणारी, भरवशाची, शाश्वत आणि आधुनिक ऊर्जा २०३० पर्यंत सर्वांना मिळावी, असे ते सांगते. प्रगती मोजण्यासाठी काही निदर्शक ठरलेले आहेत. वीज मिळणाऱ्या लोकसंख्येचे प्रमाण, स्वयंपाकासाठी मुख्यत्वे स्वच्छ इंधनावर अवलंबून असणाऱ्यांचे प्रमाण, एकूण अंतिम ऊर्जावापरातील अक्षय ऊर्जेचा वाटा आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक एककामागे लागणारी ऊर्जा हे त्यांतील प्रमुख होत. उद्दिष्टाच्या मजकुरात ‘भरवशाची’ हा शब्द ठळकपणे आला असला, तरी दिवसातून किती तास वीज असते हे या निदर्शकांपैकी एकही विचारत नाही. भारताने या जागतिक चौकटीच्या धर्तीवर २०१८ मध्ये स्वतःची राष्ट्रीय निदर्शक चौकट तयार केली. तिची जबाबदारी सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाकडे आहे.

विद्युतीकृत गाव म्हणजे काय?

व्याख्या बदलली की आकडा कसा बदलतो, याचे आपल्याकडील सर्वांत बोलके उदाहरण गावांच्या विद्युतीकरणाचे आहे. १९९७ पर्यंत महसुली गावाच्या हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल, तर ते गाव विद्युतीकृत समजले जाई. शिवारातील एखाद्या विहिरीवर विजेचा पंप सुरू झाला की कागदोपत्री गाव उजळत असे. गावठाणात कंदील असले तरी हिशेबाला बाध येत नसे. १९९७ मध्ये ही अट बदलली आणि प्रत्यक्ष वस्तीत वीज पोहोचणे आवश्यक ठरले. २००४ मध्ये व्याख्या आणखी कडक झाली. वस्तीत आणि दलित वस्तीतही रोहित्र व वितरण वाहिन्या असाव्यात, शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज असावी आणि एकूण घरांपैकी किमान १० टक्के घरांत जोडणी असावी, अशा अटी आल्या.

किमान १० टक्के! म्हणजे शंभर उंबऱ्यांच्या गावात दहा घरांत दिवे लागले की उरलेल्या नव्वद घरांसह ते गाव विद्युतीकृत झाले. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग या गावी वीज पोहोचली आणि देशातील प्रत्येक गाव विद्युतीकृत झाल्याची घोषणा करण्यात आली. व्याख्येनुसार ती घोषणा बरोबरच होती. ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालेले, १८ हजारांहून अधिक उरलेली गावे एक हजार दिवसांत जोडण्याचे काम दुर्गम डोंगराळ प्रदेशांत पार पाडणे ही सामान्य गोष्ट नव्हती. मात्र गाव आणि घर यांतील अंतर सरकारलाही ठाऊक होते. म्हणूनच त्याआधी सात महिने, सप्टेंबर २०१७ मध्ये, घरोघरी जोडणी देणारी ‘सौभाग्य’ योजना सुरू करण्यात आली होती. मार्च २०२२ मध्ये ती संपली, तोपर्यंत सुमारे २ कोटी ८६ लाख घरांना जोडण्या देण्यात आल्याची नोंद आहे. मोजमापाचे एकक गावाऐवजी घर झाले, तेव्हाच ही कोट्यवधी घरे योजनेच्या नजरेत आली.

२०११ च्या जनगणनेत प्रकाशासाठी मुख्यत्वे वीज वापरणारी कुटुंबे ६७.२ टक्के होती. २०१९ ते २०२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीज असलेल्या घरांचे प्रमाण ९६.८ टक्के आढळले. दोन्ही ठिकाणी विचारलेला प्रश्न तंतोतंत सारखा नाही, तरीही एका दशकात झालेला हा बदल मोठा आहे. वीजजोडणीच्या बाबतीत नोंदवहीतील आकडा आणि घरातील आकडा आता बरेच जवळ आले आहेत. स्वयंपाकाच्या इंधनाच्या बाबतीत तसे झालेले नाही.

जोडणीनंतरचा सिलिंडर

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली. गरीब कुटुंबांतील महिलांच्या नावे जोडण्या देणाऱ्या या योजनेने ८ कोटींचा टप्पा सप्टेंबर २०१९ मध्ये गाठला. त्या वेळचा कार्यक्रम तत्कालीन औरंगाबाद येथे झाला होता. जोडण्या मोजणे सोपे असते. प्रत्येकीमागे ग्राहक क्रमांक असतो, बँक खाते असते, वितरकाची पावती असते. योजनेचे यश त्या संख्येत मांडले जाणे म्हणूनच स्वाभाविक होते.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या आपल्या अहवालात दुसरीच गोष्ट मोजली. जोडणी घेऊन एक वर्ष वा त्याहून अधिक काळ झालेल्या उज्ज्वला ग्राहकांनी डिसेंबर २०१८ अखेरपर्यंत वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरून घेतल्याचे त्यात आढळले. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. चार-पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक गॅसवर व्हायचा तर वर्षाला सात-आठ सिलिंडर सहज लागतात. उरलेल्या महिन्यांत चुलीत काय जळत होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. धूर मात्र त्याच बाईच्या आणि तिच्या लेकरांच्या छातीत जात होता.

पुन्हा भरून घेतलेल्या सिलिंडरांचा हिशेब संसदेतील उत्तरांत आणि चर्चेत येऊ लागल्यावर धोरणाची भाषाही बदलली. गॅसचे दर चढल्यानंतर मे २०२२ मध्ये उज्ज्वला ग्राहकांना प्रत्येक सिलिंडरमागे २०० रुपयांचे अनुदान जाहीर झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० रुपये करण्यात आले. जोडणी दिल्यावर गॅस परवडतो की नाही, हा प्रश्न सरकारी हिशेबात शिरला तो असा.

राज्यनिहाय चित्र पाहिले की देशाची सरासरी किती काही झाकून ठेवते हे कळते. याच पाचव्या सर्वेक्षणात गोव्यात ९६ टक्क्यांहून अधिक, महाराष्ट्रात सुमारे ८० टक्के, तर झारखंडमध्ये सुमारे ३२ टक्के कुटुंबे स्वच्छ इंधन वापरताना आढळली. देशाच्या विजेसाठी लागणाऱ्या कोळशाचा मोठा वाटा ज्या भूमीतून निघतो, तिथल्या तीनपैकी दोन घरांत चूल पेटत होती.

सरपणाच्या हिशेबात एक विचित्र गुंता आहे. जळाऊ लाकूड पुन्हा वाढते, म्हणून आंतरराष्ट्रीय व्याख्येत ते अक्षय ऊर्जेत धरले जाते. याचा परिणाम असा की एखादे कुटुंब चूल सोडून गॅसकडे वळले की स्वच्छ इंधनाचा निदर्शक वर जातो आणि अक्षय ऊर्जेचा वाटा खाली येतो. एकाच उद्दिष्टातील दोन निदर्शक परस्परांच्या विरुद्ध दिशेने चालतात. केवळ अक्षय ऊर्जेच्या टक्केवारीवरून देशांची तुलना करणाऱ्या तक्त्यांकडे म्हणूनच सावधपणे पाहावे लागते. त्यांत वर दिसणारे काही देश सौरऊर्जेमुळे नव्हे, तर गरिबीमुळे वर असतात.

शिवाय हे सरपण मोजायचे कसे? ते बाजारात क्वचितच येते, त्याला पावती नसते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २०११ च्या अहवालात देशातील जळाऊ लाकडाचा वार्षिक वापर सुमारे २१.६ कोटी टन आणि त्यातील जंगलांतून येणारा भाग सुमारे ५.९ कोटी टन असल्याचा अंदाज दिला होता. बाकीचे लाकूड बांधावरचे, परसातले, रस्त्याकडेचे. गोवऱ्या आणि पिकांचे अवशेष यांचा हिशेब याहून धूसर आहे.

मीटर नसलेले पंप

कंपन्यांकडील आकडे पक्के आणि घरातील आकडे कच्चे, असा समज यातून होण्याची शक्यता आहे; पण तोही खरा नाही. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे असंख्य शेतीपंपांना मीटर नव्हते आणि अश्वशक्तीनुसार ठोक दराने देयके दिली जात. त्यामुळे शेतीला किती वीज लागली हे मोजले जात नसे, अंदाजाने ठरवले जाई. जी वीज वाटेत गळाली किंवा चोरीला गेली, तीही या अंदाजात बेमालूम मिसळून जाई. राज्य वीज नियामक आयोगाने २००० साली पहिल्यांदा दर ठरवताना तत्कालीन वीज मंडळाच्या हिशेबाची तपासणी केली, तेव्हा २० टक्क्यांच्या आत सांगितली जाणारी गळती प्रत्यक्षात ३० टक्क्यांच्या वर असल्याचे पुढे आले. शेतकऱ्याच्या नावावर लिहिलेली वीज त्याच्या पंपापर्यंत पोहोचलीच नव्हती. अनुदानाचा बोजा आणि ‘शेती वीज खाते’ हा आरोप मात्र त्याच्या वाट्याला आला.

क्षमता आणि निर्मिती यांबाबतही वाचकांची अशीच गफलत होते. जून २०२५ अखेरीस देशाची एकूण स्थापित वीजक्षमता सुमारे ४८५ गिगावॉट होती आणि तिचा निम्मा भाग जीवाश्म इंधनांखेरीज इतर स्रोतांचा होता. पॅरिस कराराखाली २०३० साठी दिलेले हे वचन पाच वर्षे आधी पुरे झाले, ही नक्कीच मोठी गोष्ट आहे. तथापि २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. कारण उघड आहे. एक मेगावॉटचा कोळशाचा संच ७० टक्के भाराने वर्षभर चालला तर सुमारे ६१ लाख युनिट देतो. तेवढ्याच क्षमतेचा सौर प्रकल्प २० टक्के वापराने साडेसतरा लाख युनिट देतो. कोळशाचा टनही सर्वत्र सारखा नसतो. भारतीय कोळशात राख अधिक आणि उष्मांक कमी, म्हणून टनांत मोजलेली वाढ उष्णतेत मोजली की कमी भरते.

हे सर्व आकडे एका छताखाली गोळा होत नाहीत. कोळशाचे आकडे कोळसा नियंत्रकांकडे, तेल आणि वायूचे पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षाकडे, तर विजेचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे जमा होतात. २००३ च्या वीज कायद्याने वीज कंपन्यांवर प्राधिकरणाला आकडेवारी देण्याचे बंधन घातले आहे. सांख्यिकी मंत्रालय हे सर्व एकत्र करून दरवर्षी ऊर्जा सांख्यिकीचा ग्रंथ काढते आणि २०२१ पासून निती आयोगाचा सुधारित ऊर्जा फलकही उपलब्ध आहे. पुरवठ्याची बाजू यातून बरीच स्पष्ट होते. वापराच्या बाजूला, म्हणजे घर, लहान कारखाना, वीटभट्टी, ढाबा येथे नेमके काय जळते, याची नियमित नोंद करणारी अशी स्वतंत्र यंत्रणा नाही. किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००६ च्या एकात्मिक ऊर्जा धोरणात सरपण, शेण यांसारख्या बिगरव्यापारी ऊर्जेचा हिशेब मांडला होता. २०१७ मध्ये निती आयोगाने राष्ट्रीय ऊर्जा धोरणाचा नवा मसुदा काढला, पण तो मसुदाच राहिला.

घरांतील माहितीसाठी सर्वेक्षणांवर विसंबावे लागते आणि तेथे मोठा खंड पडला. कुटुंबांच्या उपभोग खर्चाच्या पाहणीत विकत घेतलेल्या इंधनाबरोबरच स्वतः गोळा केलेल्या सरपणाचीही नोंद होते. २०११-१२ नंतर २०१७-१८ मध्ये झालेल्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने प्रसिद्ध केले नाहीत. पुढची पाहणी २०२२-२३ मध्ये झाली. म्हणजे उज्ज्वला योजनेची उभारणीची वर्षे या मालिकेत कोरीच राहिली. २०२१ ची जनगणनाही महामारीमुळे लांबली. जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार तिच्यासाठी देशाच्या बहुतांश भागात १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असून, घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळासाठी ठरविण्यात आला.

घरयादीत स्वयंपाकाचे मुख्य इंधन विचारण्याची पद्धत जुनी आहे. ‘मुख्य’ या शब्दामुळे उत्तर एकच नोंदले जाते. सकाळचा चहा गॅसवर, भाकरी चुलीवर आणि पावसाळ्यात लाकूड ओले असेल तर पुन्हा गॅस, असे चालणाऱ्या घराने काय सांगावे? जनगणनेत प्रत्येक घराला इतके प्रश्न विचारणे शक्य नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु गेल्या महिन्यात चूल किती दिवस पेटली आणि शेवटचा सिलिंडर किती दिवस पुरला, हे दोन प्रश्न नमुना पाहणीत दरवर्षी विचारता येण्याजोगे आहेत. त्यांची उत्तरे हाती आली तर अनुदान कोणत्या जिल्ह्यात कमी पडते हे २०३० च्या आत कळू शकेल.