घड्याळ, श्वास आणि न्युमोनिया

पावसात भिजून आलेल्या मुलाला ‘न्युमोनिया होईल हं!’ असा धाक घरोघर घातला जातो. या धाकामागची माया खरी. कारण मात्र अपुरे. हा रोग पावसाने नव्हे, तर जंतूंमुळे होतो. रुग्णालयाबाहेर, घरीदारी वावरताना जडणाऱ्या जिवाणूजन्य न्युमोनियाचा प्रमुख कर्ता न्युमोकॉकस हा होय. १८८१ साली फ्रान्समध्ये पाश्चर व अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी तो स्वतंत्रपणे शोधला.

पुष्कळांच्या नाकाघशात हा जंतू निमूटपणे राहतो. तो फुप्फुसांतील इवल्या वायुकोशांत उतरला, की तेथे दाह होतो, हवेची जागा द्रव घेतो आणि रक्ताला प्राणवायू अपुरा पडतो. मग तो सर्वांनाच का ग्रासत नाही? श्वासनलिकेतील सूक्ष्म केसल जंतूंना सतत बाहेर लोटत असतात. तंबाखूचा धूर त्यांना दुबळे करतो. फ्लूही श्वासमार्गाचे अस्तर उखडून टाकतो. म्हणून धूम्रपान करणारे व नुकताच फ्लू झालेले यांना धोका अधिक. पाच वर्षांखालील बालके, पासष्टी ओलांडलेले वृद्ध, मद्यपी आणि मधुमेह, दमा वा हृदयविकार असलेले यांनाही जपले पाहिजे.

ताप, खोकला, छातीत कळ व धाप ही याची लक्षणे. वृद्धांना कधी ताप येतच नाही. ते केवळ भ्रमिष्टासारखे बोलू लागतात, आणि ‘वय झाले’ म्हणून आपण दुर्लक्ष करतो! खोकणाऱ्या बालकाचे श्वास घड्याळ लावून मोजावेत. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतील मुलाचे मिनिटाला ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० वा अधिक श्वास भरल्यास त्वरित डॉक्टर गाठावा.

डिसेंबर १९४३ मध्ये ट्युनिसियात चर्चिल न्युमोनियाने अंथरुणाला खिळले. त्यांना सल्फापिरिडीन देण्यात आले व ते बरे झाले. पुढे पेनिसिलिनचे युग आले. त्याच कुळातील अमॉक्सिसिलिन आजही पुष्कळदा प्रथम दिले जाते. हे औषध जंतूची भित्तिका बांधू देत नाही. परंतु मायकोप्लाझ्मा या जंतूला भित्तिकाच नसते. तेथे डॉक्सिसायक्लिन वा अझिथ्रोमायसिन यांसारखी औषधे लागतात. रोग बळावल्यास रुग्णालयात शिरेवाटे, बहुधा दोन औषधे एकत्र द्यावी लागतात. विषाणूंवर मात्र यांपैकी एकाचाही उपयोग नाही.

म्हणूनच शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या आपल्या आजीला देणे हे औदार्य नव्हे, अविचार होय. प्रतिजैविकांच्या अशा स्वैर वापरातून औषधाला न जुमानणारे जंतू फोफावतात. पेनिसिलिनला दाद न देणारा न्युमोकॉकस ऑस्ट्रेलियात १९६७ सालीच आढळला होता.

विद्यार्थी मित्रहो, निदान व औषध हे डॉक्टरांचे काम. परंतु श्वास मोजणे, वेळेवर हाक मारणे आणि सांगितलेल्या दिवसांपर्यंत औषध नेमाने दिले जाते की नाही हे पाहणे, एवढे तर आपल्या हाती आहे. घरात घड्याळ वाचता येणारे कुणी असले, तर एखादा जीव वेळेवर वाचू शकतो.