'फजर' आणि आठ विद्यार्थी

मंडळी, कॉलेजातली मंडळं म्हटलं की आम्हा इंजिनियर लोकांना आठवतं ते गॅदरिंग आणि फार तर वाङ्मय मंडळाचं भित्तिपत्रक. आपण राहतो त्या सिंगापुरात मात्र एका विद्यार्थी मंडळाच्या अंकावरून थेट राजद्रोहाचा खटला उभा राहिला होता.

१९४९ साली इथे मलाया विद्यापीठ सुरू झालं. राज्य इंग्रजांचं होतं. फेब्रुवारी १९५३ मध्ये काही विद्यार्थ्यांनी 'युनिव्हर्सिटी सोशलिस्ट क्लब' काढला. पहिले अध्यक्ष वांग गंगवू. पुढे ते मोठे इतिहासकार झाले. क्लबच्या मुखपत्राचं नाव होतं 'फजर', म्हणजे मलय भाषेत पहाट. (आपल्या जुन्या मराठीतही पहाटेला फजरच म्हणत. मूळ शब्द अरबी, तो दोन्हीकडे पोचला!)

मे १९५४ च्या अंकात 'आशियातील आक्रमण' अशा अर्थाचा लेख आला. पाश्चात्त्य राष्ट्रं या भागात लष्करी करार करू पाहत होती, त्यावर ती टीका होती. महिनाअखेरीस संपादक मंडळातल्या आठ विद्यार्थ्यांना अटक झाली. आपल्याला लगेच 'केसरी' आणि लोकमान्यांवरचे १८९७ व १९०८ चे खटले आठवतात. इथेही कायदा इंग्रजांचा आणि गुन्हा लेखणीचाच. फरक इतकाच, की ही पोरं अजून शिकत होती. शिक्षा झाली असती तर पदवी आणि नोकरी, दोन्हींवर पाणी.

बचावाला इंग्लंडहून डी. एन. प्रिट आले. केनियाच्या जोमो केन्याटांचं वकीलपत्र त्यांनीच घेतलं होतं. त्यांचे सहायक होते ३० वर्षांचे ली कुआन यू! ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी बचाव पक्षाला बोलावण्याचीही गरज न मानता आठही जणांना सोडून दिलं.

नोव्हेंबर १९५४ मध्ये ली यांनी पीपल्स ॲक्शन पार्टी स्थापन केली, तेव्हा क्लबमधले काहीजण सोबत होते. १९६१ मध्ये पक्ष फुटला आणि वाटा वेगळ्या झाल्या. २ फेब्रुवारी १९६३ च्या धरपकडीत पोह सू काई आणि जेम्स पुथुचेरी हे आठांपैकी दोघे सापडले. यावेळी खटलाच नव्हता, त्यामुळे वकिलाचा उपयोगही नव्हता. पोह यांनी दोन वेळा मिळून सुमारे १७ वर्षं स्थानबद्धतेत काढली. 'फजर'वर त्याच साली बंदी आली आणि १९७१ मध्ये क्लबही संपला.

त्या आठांतले एडविन थंबू मात्र इंग्रजीचे प्राध्यापक आणि कवी झाले. मर्लायनवरची ती प्रसिद्ध कविता त्यांचीच.