अजब बंगल्यात राहिलेला प्रांत

नागपुरात ऑटोवाल्याला ‘मध्यवर्ती संग्रहालय’ सांगितलं तर तो क्षणभर विचारात पडेल. ‘अजब बंगला’ म्हणा, ऑटो सरळ सिव्हिल लाइन्सच्या वाटेला लागतो. लाहोरच्या लोकांनी आपल्या संग्रहालयाला अजायबघर म्हटलं, कोलकात्याच्या लोकांनी जादूघर. नागपूरकरांनी मात्र त्याला बंगलाच ठेवलं, कुणा ओळखीच्या माणसाकडे जावं तसं.

हे संग्रहालय १८६३ सालचं. देशातल्या जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत जन्माला आला आणि प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या काळात हा बंगला उभा राहिला. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाडही मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि नागपूरची राजधानी गेली. बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, बिलासपूर तर आता छत्तीसगडात आहे. सचिवालयं हलली, दप्तरं वाटली गेली. जुना प्रांत एकत्र नांदतो तो मला या बंगल्याच्या दालनांतच दिसतो. म्हणून माझं ऐकाल तर आत शिरताना आजचा नकाशा बाहेर ठेवा.

लहान मुलं पेंढा भरलेल्या प्राण्यांकडे आणि पक्ष्यांकडे धावतात, त्यांना अडवू नये. शस्त्रांचं आणि चित्रांचं दालनही आहे. पण मोठ्यांनी शिल्पांपाशी आणि धातुमूर्तींपाशी रेंगाळावं. मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर-खिनखिनीच्या जैन मूर्ती या संग्रहात आहेत, रामटेकजवळच्या हमलापुरीचे वाकाटककालीन बुद्धही आहेत. रामटेकला आपण गडावर रामाच्या दर्शनाला जातो. त्याच परिसरात कधीकाळी बुद्धाच्या कांस्यमूर्ती घडत किंवा पुजल्या जात होत्या, हे ध्यानात आलं की ओळखीचा रस्ताही वेगळा वाटू लागतो.

या बंगल्याची गोष्ट स्टीफन हिस्लॉप यांच्यावाचून पुरी होत नाही. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुमारास नागपुरात आले, त्यांनी शाळा काढली आणि मोकळ्या वेळात ते नागपूरभोवतालचे दगड पालथे घालू लागले. सीताबर्डी, टाकळी, चंद्रपूरकडचं पिसदुरा या भागांतून त्यांनी शंख-शिंपले, वनस्पती आणि प्रचंड प्राण्यांची हाडं गोळा केली. लाव्हारसाच्या दोन थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी सापडतात, म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी होती, हे त्यांनी दाखवलं. गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचं दीर्घ गीत त्यांनी मूळ गोंडीत उतरवून घेतलं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीच्या मुक्कामी परतताना, पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते वाहून गेले. टेंपल बोरीलाच थांबलेले होते. बंगल्याचं जन्मसाल आणि या माणसाच्या मृत्यूचं साल एकच आहे. हिस्लॉप यांची टिपणं टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढली, म्हणून ते गीत आपल्या हाती आलं. हिस्लॉप कॉलेजच्या नावामागे हे सगळं आहे, हे तिथल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल!

आता गुंगेरियाकडे या. बालाघाट जिल्ह्यातल्या या गावात १८७० साली गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीतून धातू डोकावताना दिसला. खणल्यावर निघाल्या तांब्याच्या ४२४ वस्तू: चपट्या कुऱ्हाडी, हातभर लांब पहारींसारखी अवजारं. वजन सुमारे पावणेचार क्विंटल. भारतात एका जागी सापडलेल्या ताम्रनिधींत हा सर्वांत मोठ्यांपैकी एक. उत्तरेत गंगा-यमुनेच्या दुआबात असे निधी बरेच मिळाले, पण गुंगेरियात तांब्याबरोबर चांदीही होती, पातळ पत्र्याचे १०२ नग. लोखंड हाताळणाऱ्या शिळावर्तुळवाल्यांच्याही आधीचा हा काळ, इसवी सनापूर्वीचं दुसरं सहस्रक. इतकं तांबं कुणी, कशासाठी पुरलं? अवजारांची फारशी झीज झालेली नाही, त्यामुळे ही व्यापाऱ्याची साठवण की देवाला वाहिलेली ठेव, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. ठेव नंतर विभागली गेली. काही भाग लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, काही नागपुरात राहिला.

चांदीचे ते पत्रे दोन आकारांचे आहेत. काही नुसत्या गोल चकत्या, तर काहींना वर दोन वळलेली शिंगं आणि खाली निमुळतं होत गेलेलं तोंड. डोळे नाहीत, नाकपुड्या नाहीत. पण तान्ह्या पोळ्याला चाकांचा लाकडी नंदी दोरीने ओढत दारोदार फिरलेल्या नागपुरी पोराला ते काय आहे, हे विचारावं लागत नाही.