स्क्रीनवरची शिफ्ट

सकाळी ६.४५ : भोसरी एमआयडीसी. रात्रपाळीचा सुपरवायझर घरी जायच्या घाईत असतो. त्याला गाठून आधी तोंडी हिशेब घेतो: कुठली मशीन त्रास देत होती, कुठलं मटेरियल संपत आलंय. भिंतीवरच्या स्क्रीनकडे त्यानंतर बघतो. उलटं केलं की माणूस स्क्रीनला साजेल तेवढंच बोलतो.

७.०० : शिफ्ट सुरू. प्रत्येक सीएनसीचा स्क्रीनवर एक चौकोन आहे. चालू असेल तर हिरवा, थांबली तर पिवळा, ब्रेकडाउन असेल तर लाल. शेजारी टार्गेट आणि झालेले जॉब. चार नंबरवर शाफ्ट चाललाय, सायकल टाइम ९० सेकंद, म्हणजे तासाला ४०. मशीन चालू की बंद हे थेट कंट्रोलरमधून येतं, त्यात कुणाचा हात नाही. का थांबली, हे मात्र ऑपरेटरने बटण दाबून सांगायचं. खरी मेख तिथे आहे.

९.४५ : चहा झाला, आणि चार नंबर पुन्हा पुन्हा पिवळी व्हायला लागली. कारण काय, तर ‘इतर’. आठवड्याच्या तक्त्यातही सगळ्यात उंच खांब ‘इतर’चाच. केबिनमधून उठून मशीनपाशी जाऊन उभा राहिलो.

“साहेब, चिप्स तुटतच नाहीत. हुकाने ओढून काढल्याशिवाय पुढचा जॉब लागत नाही.”

टूलभोवती निळसर, लांबलचक चिप्सचा गुंता झाला होता. आमच्या कारणांच्या यादीत चिप्सचं नावच नाही. तो ‘इतर’ दाबणार नाही तर काय करणार? वेगळ्या चिपब्रेकरचा इन्सर्ट लावला, कूलंटचा नोझल टूलच्या टोकावर वळवला. चिप्स तुकड्यातुकड्याने पडायला लागल्या. यादीत ‘चिप्स काढणे’ असं नवीन बटणही आलं.

१२.३० : जेवणाआधी क्वालिटीचं टेबल. रिजेक्ट जॉबवर कारण खडूने लिहून ठेवायची पद्धत स्क्रीन आल्यावरही आम्ही सोडलेली नाही. आकडा स्क्रीनवर दिसतो, पण टूलची खूण जॉबवरच दिसते.

३.३० : शिफ्ट संपली, चार नंबरचा हिशेब. जेवण आणि चहा वजा जाता ४५० मिनिटं हातात होती, त्यातली ३९० मशीन चालली: ८६.७ टक्के. तेवढ्या वेळात २६० जॉब व्हायला हवे होते, झाले २३४: ९० टक्के. त्यातले चांगले २२८: ९७.४ टक्के. तिन्हींचा गुणाकार ७६ टक्के. यालाच ओईई म्हणतात. जपानच्या सेइइची नाकाजिमांनी टीपीएमसोबत (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) हे मोजमाप रुजवलं, आणि ८५ म्हणजे जागतिक दर्जा हे त्यांचंच माप.

४.०० : मालकांसोबत मीटिंग. ८५ हा आकडा त्यांच्याही डोक्यात बसलाय. “सायकल टाइम १०० सेकंद धरला तर?” त्यांनी विचारलं. कागदावर मांडून दाखवलं: वेगाचा आकडा ९० टक्क्यांवरून थेट १००, ओईई ८४.४. स्क्रीनवर आकडा देखणा, आणि ट्रकमध्ये भरायला शाफ्ट तेच २२८. मालक हसले आणि म्हणाले, “राहू द्या ९०च.”

५.०० : उद्याच्या शिफ्टला एकच काम लिहून ठेवलं: शाफ्टचा तोच बार जिथे जिथे चाललाय त्या सगळ्या मशीनवर इन्सर्ट तपासणे.

कारखान्यात डॅशबोर्ड बसवणार असाल, तर पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी ठरवा. सायकल टाइम बदलायचा अधिकार कुणाला, आणि ‘इतर’चा खांब वाढला की मशीनपाशी कोण जाणार. हे ठरलेलं नसेल तर स्क्रीन घेऊ नका, फळा आणि खडू पुरे.