लाल पाइन, निळं लाकूड आणि एक भुंगेरा

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात पाइनचं हिरवं रान मधूनच तांबडं दिसलं, की बघणारा म्हणतो, ‘कीड लागली, ही झाडं लगेच तोडा.’ पण तांबडं झाड बहुतेकदा रिकामं असतं. माउंटन पाइन बीटल हा जेमतेम पाच मिलिमीटरचा भुंगेरा उन्हाळ्यात सालीत शिरतो. झाडाच्या सुया तांबड्या होतात त्या पुढच्या वर्षी, आणि तोवर नवी पिढी शेजारच्या झाडांवर उडून जाते. म्हणून शोध घ्यायचा तो हिरव्या झाडांत. खोडावर राळेच्या गुठळ्या आणि बुंध्याशी साचलेला तांबूस भुसा, या तिथल्या खुणा.

हा भुंगेरा लाकूड खातो, असाही समज आहे. त्याचा मुक्काम असतो सालीच्या आतल्या थरात. मादी तिथे उभा बोगदा कोरून अंडी घालते, अळ्या आडव्या वाटा काढत तो थर खातात आणि झाडाचं अन्न खाली उतरणं थांबतं. भुंगेऱ्याने सोबत आणलेली बुरशी लाकडात पसरून पाण्याची वाट अडवते. लाकडाला निळी झाक येते ती या बुरशीमुळे. ते सडकं समजणं चूक आहे. वेळेत कापलेल्या निळ्या लाकडाची मजबुती फारशी घटत नाही.

निरोगी झाडाला धोका नाही, हे एरवी खरं. एकट्यादुकट्या भुंगेऱ्याला झाड राळ सोडून बाहेर ढकलतं. मात्र आत शिरलेली मादी गंधाने इतरांना बोलावते, आणि शेकडो भुंगेरे एकदम तुटून पडले की धडधाकट झाडाचीही राळ पुरत नाही.

एवढं नुकसान करणारी कीड परदेशी असणार, असं वाटतं. तसं नाही, ती उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातलीच आहे. बदल झाला तो आजूबाजूला. वर्षानुवर्षं वणवे विझवल्यामुळे एका वयाची जुनी पाइनवनं दाटली आणि हिवाळे सौम्य झाले. साध्या थंडीने अळ्या मरत नाहीत, कारण त्या शरीरात ग्लिसरॉल साठवतात. ऐन हिवाळ्यात त्या मरायला पारा उणे ४० अंशांच्या आसपास काही दिवस राहावा लागतो. १९९० च्या दशकात सुरू झालेली साथ ब्रिटिश कोलंबियात सुमारे १.८ कोटी हेक्टरांवर पोचली, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठ्या प्रदेशावर. २००६ मध्ये भुंगेऱ्यांचे मोठे थवे रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टात उतरले.

तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती: कॅम्पिंगला जाताना सालीसकट पाइनचं सरपण गाडीत घालून नेऊ नका. सालीखाली जिवंत अळ्या असू शकतात. सरपण जिथे मुक्काम असेल तिथेच घ्या.